‘तें आपलें काम नव्हे’ हा रोखा कोणीं लिहिला?

आमच्या समाजांत एक वाक्य असें आहे कीं तें पोराला बाळगुटीबरोबरच पाजलें जातें. ‘तें आपलें काम नव्हे.’ पोर जरा मोठें होऊन पाटी-वहीशीं झटूं लागलें कीं त्याच वाक्याचें दुसरें रूप घरांत ऐकूं येतें: ‘गणित आपल्या डोक्यांत शिरायचें नाहीं.’ घरची सून बँकेचा कागद हातांत घेऊन वाचूं लागली कीं तिला ऐकावें लागतें: ‘बायकांना त्यांतलें काय कळतंय?’ एखादा तरुण मोठ्या परीक्षेचा अर्ज भरूं म्हणतो, तेव्हां पारावरचे चार शहाणे त्याला सांगतात: ‘तिथं आपली डाळ शिजायची नाहीं.’ असें बोलणारे कांहीं वैरी नसतात. आई असते, बाप असतो, चुलता असतो, कधीं कधीं शाळेंतले गुरुजी असतात. आणि शेवटीं शेवटीं तर तो मुलगा स्वतःच स्वतःला तें सांगूं लागतो, मग दुसऱ्या कोणीं सांगण्याची गरजच उरत नाहीं. टोळधाड आली तर एका हंगामाचें पीक जातें. हें वाक्य पेरणीच होऊं देत नाहीं. सबब त्याचा एकदां नीट समाचार घ्यावा असें आम्हांस वाटतें.

या वाक्याला पुरावा मागितला कीं म्हणी पुढें होतात. ‘खाण तशी माती.’ ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?’ म्हण म्हणजे शहाणपणाचा अर्क असें समजून आम्ही तेथेंच तोंड मिटतों. पण ज्यांच्या तोंडीं या म्हणी आहेत ते शेतकरी स्वतःच्या शेतांत काय करतात तें पाहा. माती हलकी निघाली म्हणून कोणी शेत टाकून देत नाहीं. उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ गाड्या भरभरून आणतो, शेणखत घालतो, ताल-बांध घालतो, आणि कांहीं वर्षांत त्याच मातीचा रंग पालटतो. आड आटला तर पोहऱ्याकडे पाहून कोणी कपाळाला हात लावून बसत नाहीं. आड खोल खणतो. जो मनुष्य मातीच्या बाबतींत इतका आशावादी, तोच पोटच्या पोराच्या बाबतींत इतका निराश कां? जी अक्कल आपण जमिनीविषयीं वापरतों ती स्वतःविषयीं कां वापरीत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आपल्या मुलखांतील एक जुनें प्रकरण आठवणें उपयोगी होईल. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी जमले व सावकारांवर चालून गेले. तेथून ही आग पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरली. बहुतेक ठिकाणीं लोकांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. रोखे द्या, अशी मागणी होई, आणि ते हातीं आले कीं जाळले जात. असें कां झालें? शेतकऱ्याला तो कागद वाचतां येत नव्हता. खालीं अंगठा आपला, वर मजकूर दुसऱ्याचा. मुद्दल किती, व्याज किती, फेडलेलें कोठें जमा झालें, हें कांहींच त्याला ठाऊक नसे. तरी त्या कागदापुढें त्याचा जमीनजुमला जाई. पुढें १८७९ सालीं सरकारला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्यांतील एक तत्त्व फार मोलाचें होतें. न्यायाधीशानें नुसता रोखा पाहून निवाडा देऊं नये. रोख्याच्या मागें जावें, देवघेव जेथें सुरू झाली तेथपासूनचा हिशेब तपासावा, असें त्या कायद्यानें ठरविलें. अंगठा आहे एवढ्यानें कर्ज खरें ठरत नाहीं, ही गोष्ट प्रथमच सरकारदरबारीं मान्य झाली.

‘तें आपलें काम नव्हे’ हाहि असाच एक रोखा आहे. मजकूर दुसऱ्याचा आणि अंगठा आपला. आपण तो वाचलेला नाहीं, पण त्याचें व्याज जन्मभर भरतों आहोंत. तेव्हां शहाण्या न्यायाधीशाप्रमाणें त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा लिहिला कोणीं? यांतील हिशेब खरा आहे काय? आणि याच्यावर वसुली कशी होते?

पहिल्या प्रश्नाला फार शोध नको. शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस विद्येचा अधिकार नाहीं, असें शास्त्राचें नांव घेऊन या देशांत पिढ्यान् पिढ्या सांगण्यांत आलें. तें सांगणाऱ्याचें वाक्य होतें, ‘तुला शिकूं देणार नाहीं.’ तेंच वाक्य पुन्हां पुन्हां ऐकून ऐकणाऱ्याच्या तोंडीं झालें, ‘मला शिकतां येत नाहीं.’ बंदी घालणारा निघून गेला, पण बंदी मात्र ज्याच्यावर घातली त्यानेंच राखून ठेवली! जेथें जेथें ती उठली तेथें काय झालें हें इतिहासांत आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली आणि पुढें अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठींहि शाळा घातल्या. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. त्यांत तिनें आपल्या समाजाच्या हालांचा जाब रोकठोक विचारला आहे. शेंकडों वर्षें ‘यांच्या डोक्यांत अक्षर शिरत नाहीं’ असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें एका पोरीनें थोड्याच वर्षांत खोटें पाडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. ज्या घरांत पूर्वी कोणीं पाटी पाहिली नव्हती त्या घरांतलीं पोरें तेथें एका पंक्तीस जेवलीं आणि शिकून निघालीं. तेव्हां अडसर दाराला होता, डोक्याला नव्हता, हें सिद्ध झालेलें आहे. तें पुन्हां सिद्ध करण्याची पाळी आमच्यावर यावी हीच खेदाची गोष्ट.

आतां दुसरा प्रश्न, हिशेबाचा. ‘गणित आपल्याला येत नाहीं’ हेंच कलम घेऊं, कारण तें घरोघर आहे. ब्राझील देशांत रेसिफे नांवाच्या शहरीं रस्त्यावर फळें विकणाऱ्या पांच मुलांची तीन संशोधकांनीं परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि ‘इतक्या नारळांचे किती, नोट दिली तर परत किती’ असें विचारीत राहिले. शेंकडा ९८ उत्तरें बरोबर आलीं. मग त्याच मुलांना तींच गणितें कागदावर, नुसत्या आंकड्यांत घातलीं. बरोबर आलेल्या उत्तरांचें प्रमाण शेंकडा ३७ वर उतरलें! परदेशची गोष्ट म्हणून कोणी ती सोडून देऊं नये. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच पाहणी झाली आणि ती २०२५ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत आली. तेथेंहि तेंच दिसलें. हीं मुलें दुकानांत अवघड हिशेब तोंडीं करीत. शाळेच्या पद्धतीनें घातलेलें साधें उदाहरण त्यांना सुटेना. त्याच पाहणींत उलटहि दिसलें: शाळेंत शिकणाऱ्या मुलांना कागदावरचें बरें सुटे, पण बाजारचा हिशेब जमेना. आतां यांपैकीं कोणाला ‘गणित येत नाहीं’ म्हणावयाचें? गणित दोघांनाहि येतें. मधला पूल कोणीं बांधलेला नाहीं.

आपल्याकडे डोळे उघडून पाहा. गवंडी पायाची आंखणी करतांना दोरीचे तीन, चार व पांच हात मोजून काटकोन काढतो आणि मग गुण्या लावून पाहतो. पाठ्यपुस्तकांत त्याच गोष्टीला मोठें ग्रीक नांव आहे. त्याचा मुलगा त्या नांवाखालीं नापास होतो आणि बाप म्हणतो, ‘आमच्या घराण्यांत गणित नाहीं!’ जुन्या पिढींतल्या माणसांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असे. अपूर्णांक म्हणजे काय हें ज्यांनीं ऐकलें नव्हतें ते अपूर्णांकांतच बाजार करीत. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुका म्हणजे कायम दुष्काळी मुलूख. तेथें म्हसवड येथील बायकांनीं स्वतःची बँक काढावयाची ठरविलें. चेतना सिन्हा यांनीं ही हकीकत अनेकदां जाहीरपणें सांगितली आहे. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण बँक काढूं म्हणणाऱ्या बायकांना लिहितां येत नव्हतें. अर्जावर अंगठे होते. पुष्कळांनीं येथें ‘तें आपलें काम नव्हे’ म्हणून घर गांठलें असतें. या बायकांनीं काय केलें? आधीं लिहावयाला-वाचावयाला शिकल्या. मग रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर पुन्हां उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या कीं, आमच्या लहानपणीं गांवांत शाळा नव्हती, त्याला आमचा इलाज नव्हता. पण हिशेब आम्हांला येतो. कोणत्याहि रकमेचें व्याज विचारा, आम्ही तोंडीं सांगतों; तुमच्या माणसांनीं यंत्र न घेतां तें करून दाखवावें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या गोष्टींत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें असें कीं या बायकांनीं आपल्या रोख्यांतलीं कलमें वेगवेगळीं केलीं. ‘लिहितां येत नाहीं’ हें कलम त्या वेळीं खरें होतें. तें त्यांनीं कष्ट करून फेडलें. ‘म्हणून बँक चालवितां येणार नाहीं’ हें कलम खोटें होतें. तें त्यांनीं मान्यच केलें नाहीं. खरें कर्ज आणि चढविलेलें व्याज यांची फोड करणें, यालाच आम्ही रोखा तपासणें म्हणतों.

तिसरा प्रश्न वसुलीचा. हा रोखा मनांत असतो हें खरें, पण तो नेमका केव्हां पुढें येतो? कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या दोन संशोधक स्त्रियांनीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलगे, ३२१ उच्च मानलेल्या जातींचे आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातीचे. त्यांना कागदावर छापलेले भुलभुलैये सोडवावयाला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जातीचा उच्चार केला नाहीं तेव्हां दोन्ही गटांच्या कामांत फरक दिसला नाहीं. पुढें मुलांच्या जाती सर्वांसमक्ष जाहीर केल्या आणि मग तेंच काम दिलें. तर खालच्या मानलेल्या जातीच्या मुलांचें काम एकदम उतरलें. डोकीं त्याच तऱ्हेचीं, काम तेंच. मध्यें फक्त एक उच्चार झाला. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढें आहे. बक्षिसाच्या वांटणींत जेव्हां चिठ्ठी टाकण्याची पद्धत आणली, म्हणजे माणसाच्या मर्जीची जागा नशिबाच्या चिठ्ठीनें घेतली, तेव्हां हा फरक पुन्हां नाहींसा झाला! संशोधकांचें अनुमान असें कीं, जात उघडी पडली कीं ‘आपण केलेल्या कामाचें मोल नीट होणार नाहीं’ असें त्या मुलांना वाटत असावें.

या प्रयोगाचा अर्थ आमच्या सर्व कार्यकर्त्यांनीं व शिक्षकांनीं मनांत ठसवून घ्यावा. खालीं मान घालणारा मुलगा दर वेळीं ‘मी कमी आहें’ असें म्हणत नसतो. पुष्कळ वेळां तो म्हणत असतो, ‘मापणाऱ्याचा तराजू खोटा आहे.’ आणि त्याचा अनुभव पाहतां त्याचें म्हणणें अगदींच वेडेपणाचें नसतें. तेव्हां त्याला नुसतें ‘आत्मविश्वास धर’ म्हणून सांगणें म्हणजे खोट्या तराजूपुढें उभें करून ‘वजन वाढव’ म्हणण्यासारखें आहे. मनांतला रोखा फाडावयाचा तर बाहेरचा तराजूहि तपासला पाहिजे. दोहोंपैकीं एकच काम करणारा अर्धेंच काम करतो.

येथें एका नव्या धंद्याविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. हल्लीं गांवोगांव सभागृहें भाड्यानें घेऊन ‘मनांत आणा म्हणजे झालेंच’ असें सांगणारे वक्ते फिरतात. तिकीट जबर असतें. टाळ्या वाजतात, डोळे भरून येतात, आणि दुसऱ्या दिवशीं मनुष्य होता तेथेंच असतो. खिसा मात्र हलका. वर त्याला नवी बोंच लागते, कीं सारें मनावर असून मला जमलें नाहीं, तेव्हां माझेंच मन कच्चें! एक रोखा फाडतां फाडतां दुसरा लिहून घेण्याचा हा प्रकार आहे. मनाच्या समजुतीनें किती काम होतें याचें मोजमाप झालेलें आहे. अमेरिकेंत नववीच्या सुमारें १२ हजार विद्यार्थ्यांना ‘बुद्धि वाढवितां येते’ हा विचार तासाभराहून कमी वेळांत समजावून दिला. त्याचा निष्कर्ष २०१९ सालीं आला. मागें पडलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणींत ०.१० ची वाढ झाली. तिकडे हा आंकडा चाराच्या आसपासच्या मापावर मोजतात. म्हणजे फायदा झाला हें खरें, पण लहानसा. आणि ज्या शाळांत सोबतीच मुलांना अवघड काम अंगावर घेण्यास उत्तेजन देत तेथें तो अधिक झाला. बी चांगलें असलें तरी वाफसा लागतोच.

वाफसा म्हणजे काय तें मुंबई व बडोदें येथील बालसखींनीं दाखविलें. २००१ ते २००३ या काळांत तिसरी-चौथींतलीं मागें पडलेलीं मुलें वर्गाबाहेर काढून त्यांचे लहान गट केले आणि रोज सुमारें दोन तास त्यांना त्यांच्याच वस्तींतल्या, माध्यमिक शाळा शिकलेल्या तरुण मुलींच्या हातीं दिलें. मोठी पदवी नाहीं, भारी साधनें नाहींत. मूल जेथें अडलें होतें तेथून शिकविणें, एवढाच मंत्र. या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण स्पष्टपणें वाढले, आणि सर्वांत मागें असलेल्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. ज्यांना वर्गानें सोडून दिलें होतें तींच हीं मुलें!

अशा मुलांना आमच्याकडे एका अक्षराचें नांव आहे: ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळीं अक्षरें बदललीं, ढ मात्र जसाच्या तसा राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी त्याची व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, या शिवींत कोणता समज भरला आहे तें त्यावरून कळतें. हा बदलणार नाहीं, असा निकाल आठ वर्षांच्या पोरावर द्यावयाचा! अल्फ्रेड बिने या फ्रेंच विद्वानानें १९०५ सालीं बुद्धीची कसोटी तयार केली ती शाळेंत कोणाला जास्त मदत हवी हें ओळखण्यासाठीं. आणि बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तु आहे या मताचा १९०९ सालीं त्यानेंच कडक निषेध केला. पण कसोटी समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेली आणि तेथें कित्येकांनीं तिचा उपयोग माणसांवर, किंबहुना सबंध जमातींवर, कायमचा शिक्का मारण्याकडे केला. औषध म्हणून केलेली वस्तु डाग देण्याकडे वापरली गेली. म्हणून शिक्क्यापासून आम्ही सावध असतों. २०२४ सालीं आपल्या राज्यांतील नव्या अभ्यासक्रम-आराखड्याच्या निमित्तानें अशी कल्पना चर्चेंत आली होती कीं, दहावीला गणित व विज्ञान या विषयांत ३५ ऐवजीं २० गुण मिळाले तरी मुलाला पुढें जाऊं द्यावें, मात्र हे विषय पुढें घेतां येणार नाहींत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. दोन विषयांसाठीं मुलाचें शिक्षण तुटूं नये, ही भावना योग्य आहे आणि तिला आमचा पाठिंबा आहे. पण शेऱ्याला आमचा ठाम विरोध आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं सरकारी मोहोरेचा ‘तें आपलें काम नव्हे’ हा कागद देणें म्हणजे रोख्याची नोंदणी करून देणें होय. आणि तो कागद अधिक करून कोणाच्या पोरांच्या हातीं पडेल हें सांगावयास ज्योतिषी नको. ज्या शाळेंत गणिताचा शिक्षकच नाहीं तेथील मुलाला शेरा, आणि शिक्षक न नेमणाऱ्याला कांहींच नाहीं, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, ‘मग माणसाला मर्यादा नाहींतच काय? प्रत्येकानें गणिती व्हावें काय?’ असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. एखाद्याला गणित नको असेल, त्याचा जीव कुस्तींत, सुतारकामांत वा गाण्यांत रमत असेल, तर त्यानें खुशाल तिकडे जावें. तो त्याचा कौल झाला. आजारपण, वय, पैशाची तंगी या अडचणीहि खऱ्या आहेत. त्यांना समजुती म्हणून उडवून लावणें हा निर्दयपणा आहे. आम्ही फक्त बोलण्याचा काळ तपासा म्हणतों. ‘येत नाहीं’ ही आजची हकीकत आहे. ती खरी असूं शकते आणि उद्यां बदलूं शकते. ‘यायचेंच नाहीं’ हा भविष्याचा निवाडा आहे, आणि तो देण्याइतका पुरावा कोणाहि माणसाजवळ नसतो. शिवाय ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच खरा, ज्याला ‘हवें’ म्हणण्याची मोकळीक होती.

आणखी एक कटु गोष्ट स्पष्ट सांगतों. या रोख्यांत कर्जदारालाहि थोडें सुख असतें, म्हणून तो सुटत नाहीं. ‘तें आपलें काम नव्हे’ म्हटलें कीं प्रयत्न करावा लागत नाहीं. प्रयत्न नाहीं म्हणजे हार नाहीं, आणि चारचौघांत हसें होण्याचें भय नाहीं. वर आपण नम्र आहोंत असें लोकांना वाटतें. ही नम्रता नव्हे, हा आळसाला घातलेला नम्रतेचा अंगरखा आहे. तो उतरवितांना थंडी वाजणारच. पहिले कांहीं दिवस चुका होतील, लोक हंसतील. हंसणाऱ्यांना हंसूं द्यावें. पोहायला शिकणाऱ्याच्या नाकांत पाणी जातेंच.

आतां करावयाचें काय तें थोडक्यांत सांगतों. प्रत्येक वाचकानें स्वतःविषयींचें असें एक वाक्य कागदावर उतरून काढावें आणि शेजारीं लिहावें: हें मीं प्रथम कोणाच्या तोंडून ऐकलें, केव्हां ऐकलें, आणि त्यानंतर खरोखर किती वेळां प्रयत्न करून पाहिला. पुष्कळांना आढळेल कीं शेवटच्या रकान्यांत शून्य आहे! मग एक चातुर्मासभर नेम धरावा. आपल्याकडे चातुर्मासांत कोणी कांदा सोडतो, कोणी वांगें सोडतो. यंदा एक समजूत सोडून पाहावी. रोज अर्धा तास, एकच काम: व्याजाचा हिशेब, इंग्रजीचें एक पान, सातबाऱ्याचा उतारा वाचणें, सभेंत उभें राहून पांच वाक्यें बोलणें. चार महिन्यांच्या शेवटीं जो हिशेब निघेल तो खरा. त्याआधींचा सारा ऐकीव.

आईबापांनीं पोरासमोर ‘आमच्या घराण्यांत’ या शब्दांनीं सुरू होणारें वाक्य तोंडांतून काढूं नये. गणितांत पोर नापास झालें तर दुकानचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा आणि त्याला दाखवावें कीं हेंच तें. शिक्षकांनीं ‘ढ’ हें अक्षर फळ्यावरच ठेवावें, मुलाच्या कपाळीं लावूं नये. मूल कोणत्या पायरीवर अडलें आहे तें शोधून तेथें खालीं उतरावें. शिष्यवृत्तीचे अर्ज भर वर्गांत जातीचा पुकारा करून वांटण्याची वाईट चाल जेथें असेल तेथें ती बंद करावी. त्या पुकाऱ्यानें काय होतें हें उत्तर प्रदेशांतील त्या प्रयोगानें दाखविलें आहे. उत्तरपत्रिका तपासतांना नांव झांकलेलें असावें, आणि कोणत्या कामाचे किती गुण हें मुलांना आधीं सांगितलेलें असावें, म्हणजे तराजूवर विश्वास बसेल. आणि ज्या गांवीं शिक्षकाची जागा रिकामी आहे त्या गांवच्या लोकांनीं पोराला दोष देण्याआधीं जिल्हा परिषदेच्या दारीं जाऊन बसावें.

वाचकहो, १८७५ सालच्या शेतकऱ्यांजवळ कागद वाचण्याचें साधन नव्हतें. म्हणून त्यांनीं तो जाळला. तुमच्याजवळ अक्षर आहे. तुम्ही तो जाळण्याची घाई करूं नका. आधीं उजेडांत धरून वाचा. त्यांत कांहीं खरें देणें निघेल: न केलेला अभ्यास, न शिकलेलें कसब. तें कष्टानें फेडा, त्यांत कमीपणा नाहीं. जें निव्वळ चढविलेलें व्याज निघेल त्याचा एक पैसाहि यापुढें भरूं नका. आणि मुख्य म्हणजे, तुमच्या बापानें ज्यावर अंगठा उठविला तो कागद स्वतःच्या सहीनें नवा करून पोराच्या हवालीं करूं नका.